डीएफ अडकतं तेव्हा: दुसऱ्या मशीनची डिस्क आपल्या सर्व्हरला जोडण्याआधी

वेबसाइट बंद पडल्याचा फोन येतो. सर्व्हरवर लॉगिन होतं, म्हणजे मशीन जिवंत आहे. मशीनवर काय चाललंय ते दाखवणारं टॉप उघडावं तर लोड अ‍ॅव्हरेज ८० च्या वर, आणि त्याच पडद्यावर सीपीयू जवळजवळ रिकामा बसलेला. मेमरीही भरपूर मोकळी. डिस्क भरली की काय हे बघायला डीएफ टाइप करून एंटर मारलं, तर दोन ओळी येतात आणि पुढे काहीच नाही. दुसरं टर्मिनल उघडून पुन्हा डीएफ केलं, तर तेही त्याच जागी थांबतं.

लिनक्सचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. गंमत अशी की बिघाड बहुधा त्या मशीनमध्ये नसतोच. दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवरची एक डिरेक्टरी एनएफएसने (नेटवर्क फाइल सिस्टिमने) इथे माउंट केलेली, म्हणजे इथलीच असल्यासारखी जोडलेली असते, आणि ते दुसरं मशीन, किंवा मधलं नेटवर्क, उत्तर देत नसतं. डीएफ प्रत्येक माउंटला ‘तुझ्याकडे जागा किती?’ असं विचारत जातं. न बोलणाऱ्या माउंटपाशी पोचलं की तिथेच उभं राहतं. म्हणून अशा वेळी डीएफला ‘-एल’ लावावं. मग ते फक्त स्थानिक डिस्कांची यादी देतं आणि निदान आपलं काम तरी चालू राहतं.

लोडचं कोडंही याच्यातच आहे. लोड म्हणजे सीपीयूसाठी रांगेत किती जण आहेत, असं आपण धरून चालतो. लिनक्समध्ये १९९३ पासून त्या आकड्यात आणखी एक जमात मोजली जाते: चालू प्रोग्रॅम दाखवणाऱ्या पीएस कमांडच्या यादीत ज्यांच्यापुढे ‘डी’ दिसतो त्या प्रोसेस. या प्रोसेस डिस्ककडून, मग ती नेटवर्कपलीकडची का असेना, उत्तर येण्याची वाट बघत असतात आणि सहसा मध्येच उठवता येत नाहीत. ८० लोड आणि रिकामा सीपीयू याचा सरळ अर्थ, ८० जण कुणाची तरी वाट बघत बसले आहेत. लोड जर दर मिनिटाला बरोबर एकाने वाढत असेल, तर दर मिनिटाला चालणारी एखादी मॉनिटरिंगची स्क्रिप्ट त्या माउंटला हात लावून अडकते आहे, हे आलेख बघूनच ओळखता येतं. अडकलेली आधीची स्क्रिप्ट संपली की नाही हे न बघता, ठरल्या वेळी कामं सुरू करणारा क्रॉन दर मिनिटाला नवी सोडत राहतो.

वाट का बघायची?

माउंट म्हणजे एक आभास आहे, आणि तो मुद्दाम केलेला आहे. प्रोग्रॅमला फक्त फाइलचा पत्ता माहीत असतो. ती खालच्या एसएसडीवर आहे की तिसऱ्या मजल्यावरच्या स्टोरेजवर, याची चौकशी तो करत नाही. ते कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बघून घेतो. सोय मोठी आहे. पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेला, नेटवर्कचा न-सुद्धा ठाऊक नसलेला प्रोग्रॅम नेटवर्कवरच्या फायली खुशाल वाचतो.

पण स्थानिक डिस्कच्या उत्तराला दोनच बाजू असतात. डेटा मिळतो, किंवा डिस्क खराब असल्याची एरर मिळते, आणि दोन्ही लवकर. नेटवर्कवर तिसरी शक्यता येते: उत्तरच न येणं. सर्व्हर बंद आहे, की हळू आहे? आपण पाठवलेलं लिखाण त्याच्या डिस्कवर गेलं आणि फक्त पावती हरवली, की लिखाणच पोचलं नाही? क्लायंटला, म्हणजे माउंट करणाऱ्या मशीनला, यातलं काहीच कळत नाही. आणि ‘कळत नाही’ हे प्रोग्रॅमला सांगायची सोय फाइल वाचण्या-लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत ठेवलेलीच नाही.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस बनवलं, तेव्हा यावर एक धाडसी उत्तर शोधलं. त्या काळी अनेक वर्कस्टेशनना स्वतःची डिस्कच नसायची; ऑपरेटिंग सिस्टिमसकट सगळं सर्व्हरवरून यायचं. सर्व्हर पाच मिनिटं बंद पडला म्हणून प्रत्येकाचे सगळे प्रोग्रॅम एरर देऊन मेले असते, तर ती यंत्रणा कुणी वापरलीच नसती. म्हणून ठरलं असं की सर्व्हरने क्लायंटबद्दल काहीही लक्षात ठेवायचं नाही. प्रत्येक विनंती स्वतःपुरती पूर्ण असेल: अमुक फाइल, अमुक बाइटपासून, इतके बाइट. उत्तर आलं नाही तर क्लायंट तीच विनंती पुन्हा पाठवेल, पुन्हा, आणि पुन्हा. सर्व्हर रीबूट होऊन आला की पहिली विनंती मिळताच काम पुढे सुरू. क्लायंटच्या दृष्टीने मेलेला सर्व्हर आणि फार हळू सर्व्हर यांत फरक नाही.

ही रचना आजही भारी वाटते. सर्व्हर तासभर बंद ठेवून त्याचं मदरबोर्ड बदला. परत सुरू केल्यावर क्लायंटवर अडकलेली कॉपी जिथे थांबली होती तिथून पुढे जाते, एक बाइट न हरवता. क्लायंटच्या लॉगमध्ये आधी ‘नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग’ आणि नंतर ‘ओके’ एवढ्या दोनच ओळी उरतात. म्हणजे ज्या अडकण्याला आपण शिव्या घालतो, तीच एनएफएसची डेटा सांभाळण्याची रीत आहे. स्थिर माउंट म्हणजे कधीच न अडकणारा माउंट, ही व्याख्याच चुकीची आहे. अडकला तर कोण अडकेल आणि किती वेळ, हे आधी ठरवून ठेवलेलं असलं की तो स्थिर.

हार्ड, सॉफ्ट आणि एक फसवा आकडा

वर सांगितलेल्या न थकता वाट बघण्याला ‘हार्ड’ माउंट म्हणतात आणि लिनक्समध्ये तोच न सांगता मिळतो. दुसरा पर्याय ‘सॉफ्ट’. ठरावीक वेळा प्रयत्न करून क्लायंट हात वर करतो आणि प्रोग्रॅमला एरर देतो. सर्व्हर लटकण्याला वैतागलेला माणूस इंटरनेटवर शोधतो, पहिल्याच उत्तरात त्याला ‘सॉफ्ट लावा’ असा सल्ला सापडतो, आणि तो लावतो.

पुढे काय होतं बघा. प्रोग्रॅम फाइलमध्ये लिहितो तेव्हा कर्नल तो मजकूर आधी आपल्या मेमरीत घेतो आणि लगेच ‘झालं’ म्हणून सांगतो. प्रत्यक्ष सर्व्हरकडे पाठवणं सवडीने चालतं. या सवडीच्या काळात नेटवर्क गेलं आणि सॉफ्ट माउंटने हार मानली, तर एरर द्यायची कुणाला? प्रोग्रॅम तर पुढे निघून गेलेला असतो. एरर त्याला फाइल बंद करताना, किंवा एफसिंक (मजकूर खरोखर डिस्कवर पोचव, अशी मागणी) करताना मिळते, आणि फाइल बंद करतानाची एरर तपासणारे प्रोग्रॅम फारच थोडे. मग फाइल अर्धवट राहते, स्क्रिप्ट यशस्वी झाल्याचा मेल पाठवते, आणि तो बॅकअप अर्धा होता हे ज्या दिवशी त्याची गरज पडते त्या दिवशी कळतं. एनएफएसच्या मॅन्युअलमध्येच सॉफ्टबद्दल असा इशारा आहे की यातून गुपचूप डेटा बिघडू शकतो. लायब्ररी किंवा प्रोग्रॅमच्या फायली अशा माउंटवर ठेवल्या तर आणखी वाईट. कोडचं पुढचं पान वाचताना एरर आली की चालता प्रोग्रॅम ‘बस एरर’ येऊन जागच्या जागी मरतो.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या माउंटवर काहीही लिहिलं जातं तिथे हार्डच. फक्त वाचायचा डेटा असेल, वेबसाइटवरची चित्रं वगैरे, आणि एखादं चित्र न दिसल्याने कुणाचं बिघडत नसेल, तर सॉफ्ट चालेल. नव्या कर्नलमध्ये ‘सॉफ्टअर’ नावाचा भाऊबंद आहे. तो एरर देताना निदान वेळ संपल्याचं कारण सांगतो, त्यामुळे ज्याला समजून घ्यायचंय त्या प्रोग्रॅमला काही करता येतं.

आता फसवा आकडा. किती वेळ थांबायचं हे ‘टाइमिओ’ नावाच्या पर्यायात लिहितात आणि त्याचं एकक सेकंद नाही, सेकंदाचा दहावा भाग आहे. ‘टाइमिओ = ५’ म्हणजे अर्धा सेकंद. पाच सेकंद म्हणून ते लिहिणारे बरेच असतात. सर्व्हरला थोडा जास्त लोड आला की अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला विनंत्या कालबाह्य ठरायला लागतात, आणि सॉफ्ट असेल तर एररचा पाऊस. टीसीपीवर न सांगता मिळणारा आकडा ६०० आहे, म्हणजे ६० सेकंद, आणि प्रत्येक फेरीला ही मुदत वाढत जाते. त्यामुळे नुसतं सॉफ्ट लिहून आकडे न बदलणाऱ्यालाही एरर मिळेपर्यंत काही मिनिटं अडकूनच राहावं लागतं.

अडकलेली प्रोसेस ‘किल -९’ लाही दाद देत नाही, ही कीर्ती बरीचशी जुनी आहे. २००८ साली आलेल्या २.६.२५ कर्नलपासून एनएफएसची वाट बघणारी प्रोसेस जीवघेण्या सिग्नलला उठते. त्याआधी लोक ‘इंटर’ नावाचा पर्याय लिहायचे. तो आता कर्नल वाचून सोडून देतो, तरी जुन्या एफएसटॅबमधून (माउंटची यादी ठेवणाऱ्या फाइलमधून) नव्या एफएसटॅबमध्ये तो वारशासारखा कॉपी होत आला आहे. अजूनही न मरणाऱ्या प्रोसेस दिसतात. त्या बऱ्याचदा थेट नेटवर्कची वाट बघत नसतात. दुसरी एक अडकलेली प्रोसेस डिरेक्टरीचं कुलूप धरून बसलेली असते, आणि या त्या कुलपासाठी रांगेत असतात. पीएसला ‘डब्ल्यूचॅन’ हा रकाना दाखवायला सांगितलं तर कोण कशासाठी थांबलंय हे दिसतं. ज्याच्यापुढे आरपीसीचं (एनएफएस ज्यावरून विनंत्या पाठवतं त्या यंत्रणेचं) नाव आहे त्याला आधी मारावं. पुष्कळदा मागचे आपोआप सुटतात.

फाइल आहे, पण नंबर जुना आहे

अडकण्याच्या खालोखाल लोकांना छळणारी गोष्ट म्हणजे ‘स्टेल फाइल हँडल’ ही एरर. डिरेक्टरी डोळ्यांसमोर, आत जायला गेलं की ही एरर.

सर्व्हर कुणाला लक्षात ठेवत नाही म्हटल्यावर क्लायंटकडे फाइलची काहीतरी पक्की खूण हवी. ती खूण म्हणजे हँडल. त्यात साधारणपणे तीन गोष्टी असतात: कुठली फाइल सिस्टिम, तिच्यातला इनोड क्रमांक (फाइलचा अंतर्गत नंबर), आणि तो क्रमांक कितव्यांदा वापरला जातोय याचा आकडा. फाइलचं नाव त्यात नसतं. नाव बदललं तरी हँडल चालतं. पण जमिनीच्या एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि कुणी जुना सर्व्हे नंबर घेऊन सातबारा मागायला गेला, तर शेत तिथेच असूनही ‘या नंबरची नोंद नाही’ असं ऐकून परत यावं लागतं. क्लायंटचं तसंच होतं.

नंबर जुना होण्याची कारणं दोन प्रकारची. एक साधं: दुसऱ्या क्लायंटने ती फाइल किंवा डिरेक्टरी पुसली आणि त्याच नावाची नवी बनवली. नव्या कोडची डिरेक्टरी जुनीच्या जागी टाकणाऱ्या डिप्लॉय स्क्रिप्ट हे रोज करतात. दुसरं कारण जास्त त्रासाचं, कारण त्यात अख्खा माउंट निकामी होतो. सर्व्हरने डेटा नव्या डिस्कवर हलवला, किंवा रीबूटनंतर डिस्कचा क्रमांक बदलला, आणि हँडलमधली फाइल सिस्टिमची ओळखच बदलली. यावर उपाय सर्व्हरच्या बाजूला आहे: एक्सपोर्टच्या (कुठली डिरेक्टरी इतरांना द्यायची हे सांगणाऱ्या) ओळीत ‘एफएसआयडी’ स्वतः ठरवून लिहिणं. एक बंद पडला की दुसऱ्याने जागा घ्यायची अशी जोडी बांधली असेल, तर दोन्ही सर्व्हरवर हा क्रमांक सारखाच पाहिजे. नाहीतर जोडी बदलण्याचा प्रयोग अगदी यशस्वी होतो आणि सगळे क्लायंट मात्र स्टेल होऊन बसतात.

यालाच लागून कॅशेचा, म्हणजे क्लायंटने जवळ ठेवलेल्या माहितीचा प्रश्न. प्रत्येक वेळी ‘ही फाइल बदलली का?’ असं सर्व्हरला विचारत बसलं तर सगळं रांगायला लागेल, म्हणून क्लायंट फाइलची माहिती किमान ३ आणि कमाल ६० सेकंद खरी धरून चालतो. डिरेक्टरीसाठी हाच आकडा ३० ते ६०. फाइल एकाने बंद केली आणि त्यानंतर दुसऱ्याने उघडली, तर दुसऱ्याला ताजा मजकूर मिळेल, एवढीच एनएफएसची हमी. एका वेब सर्व्हरवर नवी फाइल आली आणि शेजारच्याला ती मिनिटभर दिसलीच नाही, तर तो बिघाड नव्हे. कॅशे पूर्ण बंद करायचा पर्याय आहे, पण त्याने वेग इतका पडतो की लोक दुसऱ्या दिवशी तो काढून टाकतात. दोन मशीननी एकाच फाइलमध्ये एकाच वेळी लिहायचं असेल तर ती फाइल नको, डेटाबेस सर्व्हर हवा. एसक्यूलाइट या एका फाइलीतल्या डेटाबेसची फाइल एनएफएसवर ठेवू नका असं एसक्यूलाइट बनवणारेच सांगतात. तिचा वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉगमध्ये लिहिण्याची पद्धत) तर नेटवर्कवर चालतच नाही.

चौथी आवृत्ती: सर्व्हरला आठवण आली

२००० मध्ये एनएफएसची चौथी आवृत्ती आली आणि काहीही लक्षात न ठेवण्याचं जुनं तत्त्व सुटलं. आता सर्व्हर कुठल्या क्लायंटने काय उघडलंय, कुणी काय लॉक केलंय याची नोंद ठेवतो. क्लायंटला ठरावीक मुदतीत ‘मी आहे’ असं कळवत राहावं लागतं. लिनक्स सर्व्हरवर ती मुदत ९० सेकंद असते.

आठवण ठेवणारा सर्व्हर रीबूट झाला की आधी जुन्या क्लायंटना आपापले लॉक परत मागायची संधी देतो. तोवर कुणालाही नवं लॉक मिळत नाही, फाइलही नव्याने उघडून मिळत नाही. ही संधीही ९० सेकंदांची. सर्व्हर सुरू झालाय, पिंग चालतंय, आणि तरी क्लायंट अडकलेलेच दिसतात, म्हणून कुणीतरी घाईने एनएफएसची सेवा पुन्हा रीस्टार्ट करतं. घड्याळ पुन्हा शून्यावर. असं तीन-चार वेळा करून ‘सर्व्हर येतच नाही’ म्हणणारे लोक असतात. चहा टाकावा, तो उकळेपर्यंत सर्व्हर बोलायला लागतो.

व्हर्च्युअल मशीनच्या जमान्यात चौथ्या आवृत्तीने एक नवाच घोळ दिला. लिनक्स क्लायंट आपली ओळख मुख्यतः स्वतःच्या होस्टनेमवरून सांगतो. एका इमेजवरून दहा मशीन क्लोन केली आणि सगळ्यांची होस्टनेम ‘लोकलहोस्ट’च राहिली, तर सर्व्हरला ती दहा वाटत नाहीत. त्याला वाटतं की एकच क्लायंट सारखा रीबूट होतोय. मग पहिल्याच्या नोंदी फेकून दुसऱ्याच्या घे, दुसऱ्याच्या फेकून तिसऱ्याच्या घे, असं सुरू होतं. एकेक मशीन चालवलं की सगळं ठीक, सगळी चालवली की माउंट मध्येच गचके खातो. नेटवर्कवाल्याला दोष देण्याआधी होस्टनेम बघून घ्यावीत, किंवा प्रत्येक क्लायंटला स्वतंत्र ओळख देणारं मॉड्यूलचं सेटिंग भरावं.

नेटवर्कवाल्याकडे जायचं एक अस्सल कारण मात्र सांगतो, कारण त्याची लक्षणं फार विचित्र असतात. पिंग व्यवस्थित, माउंट होतो, छोट्या डिरेक्टरीत फायलींची यादी दाखवणारं एलएस चालतं. हजारो फायलींच्या डिरेक्टरीत एलएस केलं की लटकलं. छोटी फाइल वाचता येते, मोठी नाही. दोन्ही टोकांच्या मशीनवर ९००० बाइटची मोठी फ्रेम चालू केलेली असते आणि मधला एखादा स्विच अजून १५०० वर असतो. लहान पाकिटं जातात, मोठी वाटेत गळतात. पिंगला ८९७२ बाइटचा मजकूर द्या आणि तुकडे करू नकोस असं बजावा. तो गेला नाही तर आरोपी सापडला. उरलेले २८ बाइट हेडरचे.

माउंट नसतानाची पंचाईत

माउंट अडकला तर निदान कळतं. माउंट झालाच नाही तर कळतही नाही, आणि तो प्रकार मला जास्त घातक वाटतो.

समजा रोज रात्री बॅकअप स्क्रिप्ट ‘/बॅकअप’ मध्ये फायली टाकते. तिथे स्टोरेज माउंट होणं अपेक्षित आहे. सर्व्हर रीबूट झाला, त्या वेळी स्टोरेज उत्तर देत नव्हतं, माउंट राहून गेला. पण ‘/बॅकअप’ नावाची रिकामी डिरेक्टरी मूळ डिस्कवर आहेच. स्क्रिप्टला काय कळणार? ती तिथेच लिहीत सुटते. दोन-तीन रात्रींत मूळ डिस्क भरते आणि सगळ्या सेवा जागा नाही म्हणून कोसळतात. खरी मजा पुढे आहे. कुणीतरी येऊन स्टोरेज माउंट करतो, आणि भरलेल्या फायली माउंटच्या खाली झाकल्या जातात. आता डीएफ म्हणतं डिस्क १०० टक्के भरलीय, आणि फायली एकेक मोजणारं डीयू सगळी मूळ डिस्क मोजून म्हणतं निम्मीसुद्धा भरलेली नाही. मूळ डिस्कचा बाइंड माउंट (तीच डिरेक्टरी दुसऱ्या पत्त्यावरही दाखवणं) दुसरीकडे करून आत डोकावलं की झाकलेल्या फायली दिसतात.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे आणि तो फार कमी लोक करतात. माउंट नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीवर ‘सीएचअ‍ॅटर +आय’ चालवायचं. मग रूटलासुद्धा तिच्यात काही लिहिता येत नाही, पण वरून माउंट मात्र नेहमीसारखा होतो. माउंट नसेल त्या रात्री स्क्रिप्ट पहिल्याच फाइलला एरर देऊन थांबेल. स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला ‘माउंटपॉइंट’ या कमांडने तपासणी टाकली तर आणखी चांगलं.

बूटच्या वेळची अडचण टाळायला एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ लिहावं, म्हणजे स्टोरेज नाही म्हणून सर्व्हरचं सुरू होणं रखडत नाही. त्याहून मला ऑटोमाउंट आवडतो. त्यात कुणी त्या डिरेक्टरीला हात लावेपर्यंत माउंट होतच नाही, आणि बराच वेळ वापर नसेल तर तो सुटतोही. माउंट जितका कमी वेळ जोडलेला तितके त्यात अडकणारे कमी. माउंट ठेवण्याची जागाही विचार करून निवडावी. लॉगिन करणाऱ्या अ‍ॅडमिनची होम डिरेक्टरी एनएफएसवर असेल तर स्टोरेज गेल्यावर दुरुस्तीला आत शिरणाराच दारात अडकतो. एसएसएच पासवर्ड घेतं, आणि प्रॉम्प्ट येतच नाही. निदान एक युजर असा हवा ज्याचं सगळं काही स्थानिक डिस्कवर आहे. लॉगचंही तसंच: नेटवर्कवरच्या डिरेक्टरीत लॉग लिहिणारी सेवा, बाकी कशासाठी तिला त्या स्टोरेजची गरज नसली तरी, त्याच्यासोबत लटकते.

मॉनिटरिंग करायचं तर तपासणीला मुदत घालावी. ‘टाइमआउट’ कमांडने पाच सेकंदांनी किलचा सिग्नल पाठवून माउंटवर स्टॅट करावं, म्हणजे त्याची माहिती विचारावी. पाच सेकंदांत उत्तर नाही तर अलार्म.

सर्व्हर स्वतःचाच क्लायंट

एक रचना वरवर निरुपद्रवी दिसते: ज्या मशीनवर एनएफएस सर्व्हर आहे त्याच मशीनवर तोच एक्सपोर्ट माउंट करणं. सगळ्या मशीनवर पत्ते सारखे असावेत म्हणून लोक हे करतात. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये तर ते नकळत होतं. एनएफएसचा पॉड (कंटेनरचा गट) आणि तो डेटा वापरणारा पॉड एकाच नोडवर, म्हणजे मशीनवर, येऊन पडतात.

मेमरी भरत आली की कर्नल न लिहिलेला मजकूर डिस्कवर ढकलून जागा करतो. इथे तो मजकूर एनएफएस क्लायंटचा आहे, म्हणजे तो एनएफएस सर्व्हरकडे जाणार. सर्व्हर याच मशीनवर, आणि आलेला मजकूर घ्यायला त्याला मेमरी हवी. मेमरी मोकळी होणार मजकूर गेल्यावर. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत थांबतात आणि मशीन गोठतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये यावर बरंच काम झालंय. सर्व्हरच्या थ्रेडना अशा वेळी वेगळी सवलत मिळते, आणि २०२४ मधल्या ६.१२ कर्नलपासून ‘लोकलआयओ’ आलं आहे, ज्यात क्लायंट आणि सर्व्हर एकाच मशीनवर असल्याचं ओळखून वाचणं-लिहिणं नेटवर्कच्या वाटेने न जाता थेट फाइल सिस्टिमवर होतं. तरीही साध्या सर्व्हरवर याची गरजच नसते. त्या मशीनवर बाइंड माउंट करा. पत्ता तोच मिळतो आणि मध्ये एनएफएस येत नाही.

सर्व्हरच्या बाजूचा एक सल्ला सांगायचा राहिला: वेगासाठी एक्सपोर्टला ‘असिंक’ लावा, असं सांगणाऱ्यांपासून सावध राहावं. त्यात सर्व्हर डेटा डिस्कवर जाण्याआधीच पोचल्याची पावती देतो. त्याच क्षणी सर्व्हरची वीज गेली तर क्लायंट निर्धास्त आणि डेटा गायब. हार्ड माउंटची सगळी चिकाटी इथे वाया जाते, कारण ज्याची पावती मिळाली ते तो परत पाठवत नाही.

एसएसएचवरून डिरेक्टरी जोडणारं एसएसएचएफएस आणि विंडोजच्या शेअरसाठीचं सीआयएफएस यांचा स्वभाव वेगळा. सीआयएफएस लिनक्सवर न सांगता सॉफ्टच असतं, त्यामुळे वर लिहिलेली अर्धवट फाइलची भीती तिथे कायम. एसएसएचएफएस ही शेवटी एक साधी प्रोसेस आहे. ती मेली की माउंट ‘ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड’ म्हणत पडून राहतो आणि हाताने सोडवावा लागतो. स्वतःच्या लॅपटॉपवर छान, सर्व्हरच्या रोजच्या कामाला नको.

आणि स्टोरेज परत येणारच नाही हे नक्की झालं असेल तर माउंट सोडवताना क्रम पाळावा. आधी ‘यूमाउंट -एफ’. त्याने लटकलेल्या विनंत्या रद्द होतात आणि वाट बघणाऱ्यांना एरर मिळते. एकदा चाललं नाही तर पुन्हा चालवावं. त्यानेही नाही सुटलं तरच ‘यूमाउंट -एल’. बरेच जण उलटं करतात, कारण ‘-एल’ लगेच यशस्वी होतं. ते फक्त माउंटचं नाव यादीतून काढतं. अडकलेल्या प्रोसेस आत तशाच राहतात, आणि आता ‘-एफ’ चालवायला पत्ताच उरत नाही. अशा मशीनला रीबूट करायला गेलं तर तेही कधी कधी माउंट सोडवायच्या पायरीवर थांबतं. तेव्हा स्थानिक डिस्कांचा मजकूर एकदा सिंक करून, कर्नलला थेट हुकूम द्यायच्या सिसआरक्यूला ‘बी’ लिहून मशीन थेट रीसेट करणं एवढाच मार्ग असतो. सिंक करतानाही त्याला स्थानिक फाइल सिस्टिमचं नाव देऊन ‘-एफ’ लावायचं. नुसतं सिंक म्हटलं तर ते सगळ्या माउंटना विचारायला जातं, आणि त्याच मेलेल्या माउंटपाशी अडकतं.